बालूशाहीचा खळगा

वडसा गावात नाटकांचा हंगाम सुरू होताच सरकारी खाद्यवारसा कक्षाने आदेश काढला : मंडपाबाहेर दुकान लावायचे असेल, तर पदार्थाला इतिहास असला पाहिजे. चहाला तात्पुरता इतिहास मंजूर झाला. नवाबभाऊंच्या बालूशाहीचे प्रकरण कक्षातल्या नीलिमाकडे आले. ती रसायनशास्त्राची एमएस्सी, म्हणून तिने चौकशी केली.

"नवाबभाऊ, मधोमध हा अंगठ्याचा खळगा काऊन पाडता?"

"मधात कच्ची राहू नाई म्हणून. अब्बाही दाबत, मीही दाबतो."

दुकानापुढे लावायच्या इतिहासाच्या फलकावर नीलिमाने तेवढेच लिहिले. खाली जोडले, 'पहिली बालूशाही कोणी केली, ठाऊक नाही.'

"ठाऊक नाही, हे शासकीय उत्तर असू शकते," कक्षाचे साहेब म्हणाले, "शासकीय माहिती नव्हे. परवानगी नाही."

"हंगाम गेला तं सालभर काय खाऊ जी?" नवाबभाऊंचा चेहरा उतरला.

नाटकात राजा होणारा निकेश तिथेच बालूशाही खात उभा होता. त्याने इतिहास सांगून टाकला : राजा शिकारीहून परतताना कढईपाशी थांबला, पिठाच्या गोळ्यावर अंगठा दाबला आणि म्हणाला, हीच माझी मोहोर!

"कोणता राजा?" नीलिमाने विचारले.

"यंदा तं मीच हाओ, मॅडम."

साहेबांनी या इतिहासाचा नवा फलक तत्काळ लावला. पण राजाचा अंगठा म्हणजे राजमुद्रा, आणि ती खासगी माणसाने उमटवणे गैर, हे त्यांच्या लक्षात आले. खळग्यासाठी प्राधिकृत अधिकारी नेमला गेला. तो अंगठ्यासह चंद्रपूरला बैठकीला गेला. तोवर बालूशाही सपाट तळावी, असे ठरले.

सपाट बालूशाही बाहेरून खमंग, आतून पिठूळ झाली.

"मधात कच्ची हाय, बाई," नवाबभाऊंनी पहिल्याच गिऱ्हाइकाला, रुखमाबाईंना, प्रामाणिकपणे सांगितले.

रुखमाबाईंनी फलक वाचला. "राजाच्या जमान्यात गॅस कुठी होता? कच्चीच असन. द्या पावभर!"

मागे रांग लागली. नीलिमाने आपला जुना फलक शेजारी टेकवला. लोकांनी त्याला हात पुसले.

"मॅडम," नवाबभाऊ हळूच म्हणाले, "तो अंगठेवाला साहेब वापस आला तं? बालूशाही शिजन. गिऱ्हाईक तुटन माह्यं!"

नीलिमाच्या फोनवर कॉलेजच्या गटात संदेश आला : 'तुम्हाला माहीत आहे का? राजाची बालूशाही!' पाठवणारे होते तिचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. 'खोटं आहे, सर,' तिने कळवले. तिला गटातून काढण्यात आले.

खळगा कशासाठी असतो, ते वर स्पष्ट लिहिले आहे. पण पुढच्या वेळी ताटात बालूशाही आली, की शेजारच्याला तुम्ही सांगाल ते राजाचेच.