हौसाबाईंच्या हर्नियाची हरकत

हौसाबाई ढेंबरे यांच्या हर्नियाने वर्गीकरणाच्या फॉर्मवर सही करायला नकार दिला.

आमच्या वॉर्डात संशोधनासाठी पेशंटची सही लागते, तशी हर्नियाचीही लागते. पोटाला शाई लावायची, फॉर्म टेकवायचा, पेशंटने खोकायचं, ठसा उमटतो. हर्निया खोकल्यावरच बाहेर येतो आणि बोलतोही तेवढ्यातच. आधीच्या एकोणचाळीस जणांनी मुकाट ठसे दिले होते. मी हे मेडिकल कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडलं आणि आता इथेच कंत्राटावर रजिस्टर भरतो, म्हणून मला माहीत.

"हरकत काय आहे?" विभागप्रमुख उपासनी सरांनी विचारलं.

हौसाबाई खोकल्या.

"रुंदी," हर्निया म्हणाला. "दोन बोटं लिहिलीय. कुणाची बोटं?"

"माझी."

फॉर्मवर 'एक बोट म्हणजे दीड सेंटिमीटर' असं छापलंय. ते सरांचंच बोट, पण पस्तीस वर्षांपूर्वीचं. आता ते गाजराएवढं झालंय, आणि हे त्यांना सांगायची हिंमत कुणात नाही. दोन बोटं म्हणजे तीन सेंटिमीटर, म्हणजे 'लहान' गट, म्हणजे नुसते टाके. चार सेंटिमीटरच्या पुढे असेल तरच आतून जाळी बसवतात. हौसाबाई आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आमटीची पातेली उचलतात. त्यांचे टाके दोनदा उसवलेत. दोन्ही वेळा ते सरांनीच घातले होते, आणि 'आधीची ऑपरेशनं' या रकान्यात सरांनी शून्य लिहिलं होतं.

पुन्हा खोकला. "टेपने मोजा," हर्निया म्हणाला.

"बाई, आडव्या व्हा," सर म्हणाले. "आडवं झालं की हा आत जातो. मग गैरहजर लिहू. नियम सात: गैरहजर हर्नियाच्या वतीने विभागप्रमुख सही करतात."

नियम सात सरांनीच लिहिलाय. यांची सगळी पिढी अशीच. पेशंट आडवा केला की यांचा प्रश्न मिटला.

हौसाबाईंनी खाटेकडे पाहिलं. सकाळपासून उभ्या होत्या, पाय सुजले होते.

"नाही होणार आडवी," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं तुमच्या पोरांची आमटी उभ्यानं ढवळलीय." मग माझ्याकडे वळल्या. "मोज रे तू."

मी टेप काढला.

"तुला कुणी विचारलं?" सर ओरडले. "साधं पास होता आलं नाही तुला!"

"नापास नाही सर, सोडलं. खोका, मावशी."

साडेचार सेंटिमीटर. मी आकडा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा वाचला. हर्नियाने ठसा दिला, चांगला ठळक. मी शून्य खोडून दोन लिहिलं आणि पुढे सर्जनचं नाव घातलं. सरांनी हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"मंगळवारी जाळी," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

हौसाबाई आडव्या झाल्या. हर्निया आत गेला.

तेवढ्यात एक नंबरच्या खाटेवरच्या आजी उठून उभ्या राहिल्या आणि खोकल्या. मग दोन नंबरच्या. मग ओळीने सगळा वॉर्ड.

मी टेप घेऊन एक नंबरकडे गेलो.