साहेबांच्या रकान्यात झोप

शुक्रवारी सासऱ्यांच्या पायाचं प्लास्टर काढायचं होतं आणि साहेब सूनबाईंना रजा देत नव्हते. "या आठवड्यात? विसरा!" म्हणाले. सासरे बिचारे, "तू बरोबर असलीस की भीती वाटत नाही गं," एवढंच म्हणायचे आणि हिचा जीव खालीवर व्हायचा.

ऑफिसचं वेळापत्रक हिच्याकडे. विभागांच्या एक्सेल फाइली वेगवेगळ्या. त्या फॉर्म्युल्याने साहेबांच्या फाइलला जोडायच्या. सोपं असतं हो! बरोबरचं चिन्ह टाकायचं, दुसऱ्या फाइलीत जायचं, हव्या त्या चौकोनावर क्लिक करायचं. फाइल कुठली, तेवढं मात्र बघावं लागतं. रजेच्या विचारात हिने क्लिक केलं ते घरच्या फाइलीत. तिथे ती रोज सासऱ्यांचा दिनक्रम लिहायची, त्यांना वाचता यावा म्हणून.

मंगळवारी साहेबांच्या रकान्यात उमटलं : "जेवल्यावर तासभर झोप. कुरकूर चालणार नाही."

साहेब चमकले. पण वेळापत्रकात असेल ते करायचंच, हा नियम त्यांचाच! दार लावून झोपले. बुधवारी आलं : "पाय उशीवर. चिडचिड बंद." गुरुवारी साहेब चक्क शीळ घालत आले. अख्खं ऑफिस धास्तावलं.

दुपारी त्यांनी हिला केबिनमध्ये बोलावलं. "हे वाचा. 'उद्या सकाळी सूनबाईबरोबर हॉस्पिटल. घाबरायचं नाही, मी आहे ना.' अहो, मला सून कुठली? माझं लग्नच झालेलं नाही!"

हिने रकाना वाचला आणि आपलीच चूक ओळखली. तिने सगळं सांगून टाकलं. "चुकलं सर. आत्ता लिंक तोडते."

"म्हणजे मी तुमच्या सासऱ्यांच्या वाटची झोप काढत होतो?"

"हो सर."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मला वाटलं, कुणीतरी माझी काळजी करतंय. फार बरं वाटलं हो. उद्या जा तुम्ही. आणि सासऱ्यांना माझे आभार सांगा."

शुक्रवारी प्लास्टर निघालं. सासरे सुनेचा हात धरून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पावलं टाकत होते, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काही नाही, सहज केला. माझा रकाना आज रिकामा दिसतोय."

सासऱ्यांनी फोन हातातून काढूनच घेतला. "साहेब, पोरीला सोडलंत, तुमचे फार उपकार झाले. ते असो. जेवलात का?"

"अजून नाही हो," साहेब म्हणाले.

"आधी जेवून घ्या. मग तासभर झोप," सासरे म्हणाले. "कुरकूर चालणार नाही!"