कानसाहेबांची गिटारखरेदी

फ्रिजखाली गेलेलं टूथपेस्टचं झाकण बाहेर काढायचं, एवढंच खरं तर काम होतं. कानसाहेबांनी ते मुकाट्याने केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गाल फरशीला टेकवून, हातात झाडूचा दांडा धरून पालथं पडलेल्या माणसाला आपण घरातले कर्ते पुरुष आहोत हे नेमकं तेव्हाच सिद्ध करावंसं वाटतं.

"त्यापेक्षा मी तुला नवी गिटारच घेऊन देतो," ते फ्रिजखाली तोंड करून म्हणाले.

"आधी झाकण काढ," बायको म्हणाली.

आता गिटारचा आणि टूथपेस्टचा संबंध काय, ते सांगायला हवं. कानसाहेबांची बायको शाळेत गणित शिकवते आणि घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. गिटार तिच्या कॉलेजच्या दिवसांतली. लाल रंगाचे टवके उडालेले, पट्टा कुठल्याशा जुन्या बॅगेचा, आणि आवाज कमीजास्त करायचं बटण हरवून इतकी वर्षं झालेली की त्या जागी बसवलेलं टूथपेस्टचं झाकणच आता मूळचं वाटायचं. झाकण फिरवलं की गिटार आधी खरखरायची आणि मग गायची. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात शिक्षकांचा बँड वाजणार होता, बाई गिटारवर आणि पीटीचे सर ड्रमवर. त्याच्याच सरावात झाकणाने उडी मारली आणि थेट फ्रिजखाली आसरा घेतला.

कानसाहेब हे अर्थातच टोपणनाव. हॉस्पिटलात ते लोकांचे कान तपासतात. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की पेशंटने बोट वर करायचं. काही पेशंट मात्र पास व्हायच्या ईर्ष्येने ऐकू न येताही बोट वर करत सुटतात. त्यांच्यासाठी साहेबांकडे एक हुकमी डाव आहे. ते गंभीर चेहऱ्याने बटण दाबल्यासारखं करतात आणि आवाज सोडतच नाहीत. बोट वर आलं की पेशंट पकडला. याला ते 'फसवी फेरी' म्हणतात, आणि फसव्या फेरीत कोण कोण सापडलं याच्या हकिकती जेवताना सांगतात. (बायकोला त्या पाठ आहेत. साहेबांच्या आईला नाहीत, कारण ती जेवताना कानातलं मशीन काढून ठेवते.)

असा हा कानाचा जाणकार माणूस एका बाबतीत मात्र कायम नापास झाला होता. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला आणलेली एकही भेट घरात टिकली नव्हती. घड्याळ आणलं, ते बदलून टेबललॅम्प आला. स्वेटर आणला, त्याच्या उशांच्या खोळी झाल्या. एका वर्षी आणलेल्या पर्सने पुढच्या जन्मी इस्त्रीचा अवतार घेतला. बायको कधी नाक मुरडायची नाही. वस्तू प्रेमाने हातात घ्यायची, उलटीसुलटी करून बघायची आणि म्हणायची, "छान आहे. बिल ठेवलंयस ना?"

तेवढ्या एका वाक्याने कानसाहेबांच्या काळजाला घरं पडत. म्हणूनच फ्रिजखालून निघालेला शब्द त्यांनी उचलून धरला. भेट आवाजाची होती आणि आवाज हा त्यांचा प्रांत होता. या वेळी बिल मागायची वेळच येऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यांनी विषय काढला, आणि तिथेच पहिली चूक झाली. नाकाच्या डॉक्टरांनी चमचा खाली ठेवून सांगितलं की गिटार घ्यावी तर थोरल्या कंपनीची. बाकीच्यांना लाकूड कशाशी खातात हे माहीत नाही. एक्स-रेवाला उसळला. त्याच्या मते लाकडाचा काही संबंध नव्हता. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चुंबक असतो, तो आवाज पकडतो, त्याला पिकअप म्हणतात, आणि तो करावा धाकट्या कंपनीने. दोघांची इतकी जुंपली की साहेबांचा चहा गार झाला आणि बाहेर दोन पेशंट नाक धरून ताटकळत बसले.

"तुम्ही दोघं वाजवता का?" साहेबांनी विचारलं.

दोघंही वाजवत नव्हते.

संध्याकाळी साहेब वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने केसांची शेंडी बांधली होती आणि बोलताना तो डोळे मिटायचा. "काय वाजवता तुम्ही?" त्याने विचारलं.

"मी वाजवत नाही. मी ऐकतो."

दुकानदाराने एक डोळा उघडला. त्याने थोरल्या कंपनीची गिटार वाजवली, धाकटीची वाजवली, आणि मग आतून एक तिसरी आणली. ती एका एकट्या कारागिराने वर्कशॉपमध्ये हाताने घडवलेली होती. कारागिराच्या मते म्हणे लाकूडही थोतांड आणि पिकअपही थोतांड, सगळं मर्म गिटारच्या मानेत. तिन्ही गिटारी वाजवताना दुकानदाराची बोटं अशी काही धावली की साहेबांना फरक कळला तो फक्त रंगांचा. पण हे कबूल करणं म्हणजे धंद्यावर पाणी सोडणं. "हं," ते म्हणाले, "उद्या परत येतो."

ते उद्या आले, परवा आले, तेरवाही आले. गिटारच्या पोटाला कान लावून त्यांनी टिचक्या मारल्या. पंखा बंद करायला लावला. एका शाळकरी मुलीला आणि तिच्या वडिलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आवाज आवडला की बोट वर करायला सांगितलं. वडिलांनी सारखंच बोट वर केलं, तेव्हा साहेबांनी त्यांच्यावर फसवी फेरी लावली आणि त्यांना चारचौघांत पकडलं. ते गृहस्थ सनई घ्यायला आले होते, ते काहीच न घेता निघून गेले.

दुकानदाराने हात जोडले. "साहेब, तिन्ही घरी घेऊन जा. रविवारभर ऐका. आवडेल ती ठेवा, दोन परत आणा. फक्त इथे आता कुणाची परीक्षा घेऊ नका."

अशा रीतीने रविवारी सकाळी तीन गिटारी घरात अवतरल्या आणि सोफ्यावर ओळीने बसल्या. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिने एकेकीच्या मानेवरून हात फिरवला. तिला आनंद झाला होता, हे साहेबांना स्पष्ट दिसलं.

"अरे, कशाला एवढं," ती म्हणाली. "कुठलीही चालेल."

"कुठलीही कशी चालेल? डोळे फसवतात. रंग बघून भुलतात, कंपनीचं नाव बघून भुलतात. कान फसत नाही. आपण शास्त्रीय पद्धतीने निवडू."

शास्त्रीय पद्धत अशी. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोरी बांधून तिच्यावर डबल बेडची चादर टांगायची. चादरीमागे बायको, अँप्लिफायर आणि गिटारी. तिने मनाला येईल त्या क्रमाने एक, दोन, तीन अशा गिटारी वाजवायच्या, धून तिन्हींवर एकच. चादरीच्या अलीकडे परीक्षक. शेवटी आवडलेल्या नंबराची बोटं वर करायची. परीक्षक म्हणून साहेब, त्यांची आई आणि सरावासाठी आलेले पीटीचे सर. सरांनी शिट्टी आणली होती, ती प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वाजवायची ठरलं.

"मला एक सांग," चादरीमागून बायकोने विचारलं, "तुझी नेहमीची पद्धत वापरायची ना? अगदी हॉस्पिटलसारखी?"

"अगदी तशीच," साहेब म्हणाले. बायको आपल्या कामात एवढा रस घेते, हे बघून त्यांना भरून आलं.

शिट्टी वाजली. पहिली गिटार वाजली. आवाज स्वच्छ, खणखणीत. साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली आणि "थोरली" असं सरांच्या कानात सांगितलं. दुसरी वाजली, तीही सुरेख, जरा जास्तच चकचकीत. "धाकटी. चुंबक बोलतोय," साहेब म्हणाले. आई कधी चादरीकडे, कधी मुलाच्या तोंडाकडे बघत होती.

मग तिसरी शिट्टी झाली आणि तिसरी गिटार वाजली.

धून तीच होती. पण कानसाहेबांचे मिटलेले डोळे उघडले. हा आवाज जाड होता, जरा घोगरा, घरातल्या माणसाने शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. कुठे घाई नव्हती. एका वळणावर बायकोने तार जराशी ओढून धरली, आणि रोज लोकांच्या कानात टीं टीं सोडणाऱ्या या माणसाच्या अंगावर काटा आला. त्यांना एकदम आठवलं की लग्नाआधी तिने पहिल्यांदा त्यांना हीच धून ऐकवली होती, आणि तेव्हाही आपण असेच खुळ्यासारखे बसलो होतो.

"आता बोटं," सर म्हणाले आणि सवयीने शिट्टी फुंकली.

साहेबांची तीन बोटं ताडकन वर गेली. आईची तीन, सरांचीही तीन. एकमत. साहेब उभे राहिले. अशा प्रसंगी गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

"याला म्हणतात कारागिरी," त्यांनी चादरीला उद्देशून भाषण सुरू केलं. "कंपन्या काय, रोज ढिगाने गिटारी काढतात. हा एकटा माणूस वर्कशॉपमध्ये बसून मान घासतो, त्याचं हे फळ. एका सुरात ओळखलं मी. अगं, तुझ्या त्या जुन्या खटाऱ्यातून जन्मात कधी असा आवाज निघाला असता का?"

मग चादर बाजूला झाली आणि बायको बाहेर आली. तिच्या गळ्यात जुन्या बॅगेचा पट्टा होता. पट्ट्याला लाल, टवके उडालेली गिटार होती, आणि तिच्यावर टूथपेस्टचं झाकण दिमाखात बसलं होतं. कारागिराची गिटार स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"फसवी फेरी," बायको म्हणाली. "तूच म्हणालास ना, अगदी हॉस्पिटलसारखी."

कानसाहेबांची तीन बोटं अजून वरच होती. ती त्यांनी एकेक करून मिटली.

"पण एकमत झालं," ते कसेबसे म्हणाले. "सर, तुम्ही पण तीनच म्हणालात."

"मी ओळखली ना," पीटीचे सर म्हणाले. "दर आठवड्याला शेजारी बसून ऐकतो. म्हटलं, बाईंना हीच ठेवायची दिसतेय, कशाला मोडता घाला."

साहेब मोठ्या आशेने आईकडे वळले. "आई, तू? तुला खरंच आवडली ना तिसरी?"

"काय?" आई म्हणाली. तिने टीव्हीवर ठेवलेल्या डबीतून कानातलं मशीन काढून कानात घातलं. "हां, बोल आता. मी तुझी बोटं बघून केली वर. झालं का सुरू तिचं वाजवणं?"

म्हणजे तीन परीक्षकांपैकी एकाने ओळखलं होतं, एकीने ऐकलंच नव्हतं, आणि प्रामाणिकपणे फसणारे कानसाहेब एकटेच होते. ते सोफ्यावर, थोरली आणि धाकटी ठेवल्या होत्या त्या जागी, मटकन बसले.

बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली. "त्या तिन्ही चांगल्या आहेत रे," ती म्हणाली. "पण माझा हात हिच्यावर बसलाय. मला ही सोडवत नव्हती आणि तुला सांगवत नव्हतं. तू एवढ्या हौसेने तिन्ही घेऊन आलास. म्हटलं, तुझ्या कानालाच विचारावं. त्याला नव्यांपैकी एखादी आवडली असती तर निमूटपणे घेतली असती." मग ती हसली. "पण तू हीच निवडलीस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यासाठी अगदी बरोबर वस्तू निवडलीस."

हे ऐकून कानसाहेबांना इतकं बरं वाटलं की आपण खटारा म्हणालो होतो हे ते विसरूनच गेले. दुपारभर सराव झाला. ड्रमवर सर, गिटारवर बाई, आणि मधे मधे उगाचच शिट्टी वाजवायला आई. साहेब पाय पसरून ऐकत बसले. कार्यक्रमही पुढे झकास झाला.

त्या रविवारी संध्याकाळीच ते तिन्ही गिटारी परत करायला गेले. दुकानदार एका शब्दाने काही बोलला नाही, इतका त्याला आनंद झाला होता. पण रिकाम्या हाताने परतणं साहेबांच्या जिवावर आलं. काचेच्या कपाटात त्यांना आवाज कमीजास्त करायची बटणं दिसली. त्यातलं एक त्यांनी निवडलं. चांगलं जड, काळं, कडेला चांदीची रेघ. कान लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून निवडायला वेळही लागला नाही.

घरी येऊन त्यांनी ते बायकोच्या तळहातावर ठेवलं. तिने ते दिव्याखाली धरलं, प्रेमाने उलटंसुलटं करून बघितलं. मग गिटारवरच्या टूथपेस्टच्या झाकणाकडे बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "बिल ठेवलंयस ना?"

कानसाहेबांनी खिशातून बिल काढून दिलं.