नारळ नेणारी आगबोट

वाफेचं इंजिन घरच्या घरी बनवायला फार काही लागत नाही! थोडं पितळ, थोडं तांबं, दोन-चार कानशी आणि सगळं सहन करणारी बायको. पहिल्या तीन गोष्टी बाजारात मिळतात. चौथी माझ्याकडे होती, म्हणून तर मी तुम्हाला सल्ला देण्याइतका मोठा झालो.

माझं नाव खंडेराव. आम्ही मूळचे नगरकडचे, पण ऐंशी सालच्या आसपास बोईसरला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टर्नर म्हणून लागलो. दिवसभर कारखान्यासाठी लोखंड कातायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःसाठी पितळ कातायचं, असा माझा दिनक्रम होता. कारखान्यातला लेथ खासगी कामाला मिळत नसे. मग मी सोजराच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, शिलाई मशीनचा वरचा भाग उचलून कोनाड्यात ठेवला आणि खालच्या पायडलवर माझा छोटा लेथ बसवला. तिच्याकडे शेजारणींचे ब्लाऊज शिवायला आले होते. ते तिनं हातानं शिवले. प्रत्येक टाक्याला एकदा माझ्याकडे बघितलं.

पण बोट काय झाली होती म्हणून सांगू! दोन हात लांब, सागाची, पोटात तांब्याचा बॉयलर, त्याखाली स्पिरिटचा दिवा, आणि मागे पितळेचा पंखा. बॉयलर बनवणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. नवा बॉयलर पहिल्यांदा वाफेवर कधीही तपासू नका. आधी गच्च पाणी भरा आणि पंपानं दाब द्या. पाण्यानं फुटला तर माणूस भिजतो, वाफेनं फुटला तर भाजतो. मी पाण्यानंच तपासला आणि पहिल्या वेळी पुरता भिजलो. माझ्यामागे भिंतीवर लावलेलं कॅलेंडरही भिजलं. सांधा पुन्हा भरला, पुन्हा तपासला, आणि मग मोठ्या पिंपात बोट सोडली. ती पिंपाच्या भिंतीला अशी धडका देत राहिली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले.

त्या बघणाऱ्यांत कमलाकांत होता. तो आमच्याच कारखान्यात, एडवणच्या कोळ्यांचा मुलगा. त्याच्या वडिलांनी, नामदेवकाकांनी, त्या वर्षी नवा मचवा बांधला होता. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की मचवा पहिल्यांदा पाण्यात जाणार होता. कमलाकांत सहज म्हणाला की यंदा आमच्या घरचा नारळ या बोटीतून गेला तर काय मजा येईल. त्यानं गंमत केली होती. मी मात्र लगेच शब्द दिला! एवढंच नाही, तर सगळी योजनाही तिथल्या तिथे सांगितली. बोटीवर एक उलटणारी फळी बसवायची, तिच्यावर नारळ ठेवायचा, आणि त्या फळीला गळाची लांब दोरी बांधायची. बोट दूर गेली की दोरीला हलका झटका द्यायचा, नारळ पाण्यात पडेल. मग दोरी ओढून बोट परत घ्यायची. वर नारळाचं वजन येणार म्हणून तळाशी ठेवायला कमलाकांतनं जाळ्याचं शिसं आणून दिलं. तेही अगदी बरोबर बसलं.

आदल्या दिवशी मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर जायचं तर इंजिन चकाकायला हवं. मी सगळ्या नळ्या काढल्या, चिंच लावून घासल्या आणि परत बसवल्या. चालत्या इंजिनाला पुन्हा काय तपासायचं, असं म्हणून बोट सोजराच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. सफाळ्याहून एसटीत बसलो तेव्हा एका म्हातारीनं मांडीवरचं ते गाठोडं पाहून मला खिडकीजवळची जागा दिली आणि बाळाला वारा लागू देऊ नका म्हणून बजावलं. सोजरा दुसरीकडे तोंड करून बसली.

एडवणला पोचलो तर गाव काय सजलं होतं! मचव्याला निळा-पिवळा रंग, झेंडे, फुलांच्या माळा. कमलाकांतच्या आईनं, गोदूबाईंनी, सोनेरी कागद लावलेला नारळ ताम्हणात ठेवला होता. बँडवाले वाजवत होते, बायका नाचत होत्या. समुद्र खवळलेला होता, म्हणून सगळे खाडीच्या बाजूला आले. भरती पूर्ण भरली होती, पाणी ताटासारखं स्थिर होतं. मी दिवा पेटवला. वाफ धरली. नामदेवकाकांनी हात जोडून नारळ फळीवर ठेवला. बोट हातात घेऊन कमलाकांत कमरेएवढ्या पाण्यात गेला, तिचं तोंड दर्याकडे केलं आणि सोडली.

पंखा फिरला! बोट थरथरली, आणि मागे येऊन कमलाकांतच्या पोटाला टेकली.

त्याला वाटलं लाट आली असेल. त्यानं ती पुढे ढकलली. ती पुन्हा मागे आली. त्यानं जोरात ढकलली, तर ती जोरात आली. शेवटी त्याला वळसा घालून, तोंड दर्याकडे तसंच ठेवून, ती झपाट्यानं उलटी किनाऱ्याला लागली आणि नामदेवकाकांच्या पायाशी येऊन थांबली. सोनेरी नारळ फळीवर जसाच्या तसा. वाटेत तिच्या पंख्यानं गळाची दोरी अशी गुंडाळून घेतली होती की पंखा दिसेनासा झाला.

बँड थांबला. बायका नाचायच्या थांबल्या. नामदेवकाका हळूच म्हणाले, "परत आला."

तेवढे दोन शब्द, पण सगळ्या गर्दीतून मागेपर्यंत गेले. नारळ परत आला. मागची माणसं पुढच्यांना विचारू लागली, आणि पुढची माणसं मचव्याकडे बघू लागली. नवा मचवा, सगळ्या घराची कमाई त्यात, आणि दर्यानं नारळ घेतला नाही! नामदेवकाकांचा चेहरा उतरला. मी मोठ्यानं सांगायला लागलो की हा दर्याचा नाही, माझा दोष आहे, यंत्राचा दोष आहे. पण यंत्राचा दोष कोणता, हे मलाच कळत नव्हतं.

खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं. ऐका, माझ्या बोटीत होतं तसं इंजिन असेल तर सिलिंडरला दोन नळ्या येतात. एकीतून वाफ आत जाते, दुसरीतून बाहेर पडते. या दोघींची अदलाबदल झाली की इंजिन उलटं फिरतं. म्हणून नळ्या काढण्यापूर्वी एकीला लाल रंगाचा ठिपका द्यावा. मी दिला नव्हता. मी चिंच लावली होती.

मी हे सगळं समजावून सांगितल्यावर सोजरानं एकच गोष्ट सुचवली. "मग बोटीचंच तोंड फिरवून ठेवा की. उलटी जाते तर उलटी जाऊ दे."

इतकं सोपं उत्तर! मी बोट उचललीसुद्धा. पण गोदूबाई आडव्या आल्या. दर्याला नारळ द्यायचा आणि त्याच्याकडे पाठ करून जायचं, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. "देवाच्या दारी कोन पाठमोरं जातं?" त्या म्हणाल्या.

म्हणजे नळ्या बदलणं आलं. त्याला पाना हवा. पाना बोईसरला खिडकीत होता.

सल्ला घ्या: बोट विसरलात तरी चालेल, पाना विसरू नका! कमलाकांत धावत जाऊन मचव्याच्या इंजिनाचे पाने घेऊन आला. त्यातल्या सगळ्यात लहान पान्याच्या जबड्यात माझा अख्खा सिलिंडर मावत होता. कुणी पक्कड आणायला घरी गेला. भरती उतरायच्या आत नारळ जायला हवा, असं नामदेवकाका सांगत होते. तेवढ्यात माझी नजर गोदूबाईंच्या कमरेच्या चंचीवर गेली. मी हात पुढे केला आणि अडकित्ता मागितला.

त्यांनी तो काढला, पण लगेच दिला नाही. "धार गेली तर सुपारी तू चावून देशील?" मी हो म्हणालो. त्या वेळी मी कशालाही हो म्हणालो असतो.

आधी झडप उचलून वाफ सोडली. तिची शिट्टी अशी वाजली की बँडवाल्यानं आपला ढोल पुढे धरून आडोसा केला. मग लुगड्याचा बोळा हातात धरून मी तापलेले नट अडकित्त्यानं एकेक वळवले. बोटं भाजली, पण नट हलले! नळ्या बदलल्या. कमलाकांतनं कोयत्यानं पंख्यातली दोरी कापून काढली. बॉयलरमध्ये पुन्हा पाणी भरलं, दिव्यात होतं नव्हतं तेवढं स्पिरिट ओतलं आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. वाफ धरली. मी इंजिनाच्या चाकाला बोट लावलं. ते बरोबर दिशेला फिरलं!

कमलाकांतनं बोट सोडली आणि ती सुटलीच. सरळ, तोंड दर्याकडे, मागे फेसाची रेघ, सोनेरी नारळ उन्हात झळकतोय! बँड एकदम सुरू झाला. पोरीबाळी किनाऱ्याने धावायला लागल्या. नामदेवकाका हात जोडून उभे होते आणि डोळे पुसत होते. मी तर ओरडत होतो. काय ओरडत होतो आठवत नाही. जाळी-होड्यांच्या त्या गावात माझी आगबोट चालली होती, आणि एवढ्या वेगानं की पिंपात बिचारीला कधी पळताच आलं नव्हतं.

पुरेशी दूर गेल्यावर मी कमलाकांतला खूण केली, आता झटका दे.

त्यानं मलाच खूण केली, झटका द्या.

आम्ही दोघांनी एकमेकांचे रिकामे हात बघितले. जुनी दोरी त्यानं कापली होती. नवी मी बांधली असेल असं त्याला वाटलं, आणि नवी त्यानं बांधली असेल असं मला. एव्हाना ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी बाहेर निघालं होतं आणि बोटीला हाताला धरून नेल्यासारखं घेऊन जात होतं. दिवा विझला असता तरी आता काही फरक पडला नसता.

मी नामदेवकाकांकडे धावलो. मचवा आता निघणारच आहे, तर जाताजाता माझी बोट उचलून आणा, नारळ तेवढा तिथे सोडा, अशी मी हात जोडून विनंती केली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी भक्तीनं गहिवरलोय.

"दर्याला दिलेला परत घ्यायचा नाय, बाबा," ते म्हणाले.

वाफेचा पांढरा ठिपका समुद्राच्या तोंडाशी थोडा वेळ दिसला. मग लाटा दिसल्या. मग मचवा निघाला आणि सगळ्यांनी जयजयकार केला. त्यात माझंही नाव होतं. सोजरानं माझी भाजलेली बोटं आपल्या पदरात धरली होती. तिनं वर्षभरात पहिल्यांदा बोटीबद्दल चांगला शब्द काढला. जाताना सुंदर दिसत होती, म्हणाली.

दुपारी नामदेवकाकांच्या अंगणात मला पाटावर बसवलं. नारळीभात, माशाचं कालवण, वर गोदूबाईंचा आग्रह. जेवणं झाल्यावर काका उठले आणि सगळ्या आळीसमोर बोलले. "आतापावेतो आमी दर्याला नारळ दिला. आगबोट कोनी दिली नाय. दर्या खूश हाय. आता यात खंड पाडायचा नाय. दर वर्साला एक आगबोट."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक बोट बनवायला मला वर्ष-दीड वर्ष लागतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी सोजरा बोलली.

"करतील की," ती म्हणाली. "नाहीतरी घरी बसून दुसरं काय करतात?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाजलेल्या बोटांनी मीही वाजवल्या.