शिवलीलानं एकच स्थळ पाहिलं

चहा निवायच्या आत हे काम उरकेल, याची शिवलीलाला पक्की खात्री होती. पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइटींच्या सुरक्षेतल्या कच्च्या जागा शोधायचं काम ती आपल्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या घरी बसून करायची. तिच्या आईनं, निंगव्वानं, तिला न विचारता तिचं नाव वधू-वर मंडळाच्या वेबसाइटवर घातलं होतं, आणि फोटो जोडला होता तो तोंडात बुंदीचा लाडू असलेला. नाव राहू दे, फोटो तेवढा काढून टाकू, एवढाच तिचा बेत होता.

फोटो काही निघेना. वर पत्त्याच्या पट्टीत तिच्या पानाचा क्रमांक दिसत होता. सवयीनं तिनं त्यातला शेवटचा आकडा एकानं वाढवला, आणि समोर अक्कलकोटचा शरणबसव आला. जनावरांचा डॉक्टर. फोन, पत्ता, पगार, रक्तगट, सगळं उघडं. शिवाय खाली 'फक्त मंडळासाठी' असा एक चौकोन.

शिवलीला थक्क झाली. मोठ्या कंपन्यांची एकेक कडी सरकवायला तिला आठवडे लागत. इथं अख्ख्या समाजाचं घर ना कडी ना कोयंडा असं उभं होतं, आणि ते एका बोटानं उघडलं होतं. चौकोनातला मजकूर न वाचताच तिनं लॅपटॉप मिटला.

तिच्या धंद्यात याचे रिवाज ठरलेले. दार उघडं दिसलं म्हणून आत हिंडायचं नाही. मालकाला गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला तीन महिने द्यायचे, तरी तो हलला नाही तर लोकांना सावध करायचं. मंडळाला पाठवलेला मेल परत आला, म्हणून तिनं अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष बसलिंगप्पा तेव्हा आपल्या भांड्यांच्या दुकानात होते आणि एक गिऱ्हाईक घागरी वाजवून बघत होतं.

"अप्पा, मी निंगव्वांची शिवलीला. तुमच्या साइटवर मी शरणबसव म्हणून एका मुलाची सगळी माहिती पाहिली. दुसऱ्या कुणाची पाहिली नाही, आणि पाहणारही नाही."

बसलिंगप्पांनी गिऱ्हाइकाला गप्प राहायची खूण केली. "घरी माहीत हाय का?"

"नाही. इतक्यात कुणाला सांगू नका. गुपचूप काय ते करून घ्या. तीन महिने मी थांबते."

"आणि न्हाई झालं तर?"

"तर मला चारचौघांत जाहीर करावं लागेल."

फोन ठेवून बसलिंगप्पांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. जन्मभर त्यांनी लग्नं जुळवली होती. पंधरा स्थळं बघून सोळाव्याच्या नाकात खोट काढणाऱ्या पोरी त्यांना पाठ होत्या. एकच मुलगा बघून, वर मुदत घालणारी ही पहिलीच. एरवी मयतीलाच अर्धं ओढायचं ते शटर त्यांनी त्या दिवशी पूर्ण ओढलं आणि अक्कलकोटची एसटी धरली.

रविवारी सकाळी त्यांनी निंगव्वाला कळवलं आणि दुपारी मंडळी घेऊन दारात आले. निंगव्वा लेकीकडं देव्हाऱ्याकडं बघावं तशी बघत होती. बसलिंगप्पा माणसं घेऊन आलेत एवढंच शिवलीलाला समजलं. दुरुस्तीवालेच असणार, असं धरून पोह्यांच्या ताटाऐवजी ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली.

समोर शरणबसव बसला होता. फोटोवरून तिनं त्याला ओळखलं. आपण माहिती पाहिली म्हणून हा जाब विचारायला आलाय, असंच तिला वाटलं.

"मी तुम्हाला पाहायला नको होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

त्याच्या आईनं पदर सावरला. "म्हंजे पसंत न्हाई का? मग बोलावलं कशाला?"

मग शिवलीलानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता बसलिंगप्पा खुर्चीत खाली खाली सरकत गेले. एका आकड्यानं माणूस उघडा पडतो, हे कुणाला खरं वाटेना. शरणबसव मात्र पुढं सरसावून म्हणाला, "माझंच पान उघडून दावा. माझी परवानगी हाय." तिनं दोनदा विचारून घेतलं, मग त्याच्याच फोनवर, त्याच्याच हातानं आकडा घालायला लावला. पान उघडलं. सगळ्यांनी माना वाकवल्या. खालचा चौकोन त्याच्या आईनं खड्या आवाजात वाचला.

"मुलगा सोन्यासारखा. आई फार कडक. सून टिकली तर नशीब."

शेरा बसलिंगप्पांचा होता. ते उठून ओट्यावर गेले आणि साइट बनवणाऱ्या चन्नवीरला, म्हणजे पेठेतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याला, फोनवर असं काही बोलले की पोहे वाढायच्या आत साइट बंद झाली. इतक्या झटक्यात हललेली संस्था शिवलीलानं आजवर पाहिली नव्हती.

"झालं, मिटला विषय," बसलिंगप्पा घाम पुसत म्हणाले.

शिवलीला म्हणाली, नाही मिटला. ज्यांची माहिती उघडी होती त्यांना सांगायला हवं. आधी कुणी पाहून ठेवली असेल कोण जाणे. बसलिंगप्पांनी हात जोडले. मंडळाची अब्रू जाईल, लोक पोरींची नावं घालायची बंद करतील, असं ते काकुळतीनं सांगू लागले. त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळं तीही घुटमळली.

तेव्हा शरणबसवची आई बोलली. "माझ्यामागं काय लिवलंय ते मला कळलं. वाईट वाटलं. पण कळलंच नसतं तर त्याहून वाईट. सगळ्यांना सांगा."

बसलिंगप्पांनी मान खाली घालून कबूल केलं. निघताना शरणबसवनं शिवलीलाचा नंबर मागितला. साइटवरून घेता आला असता, पण विचारून घेतलेला बरा, असं तो म्हणाला. तिनं दिला.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. बसलिंगप्पांनी शब्द पाळला होता. मंडळातल्या यच्चयावत घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून त्यात त्यांनी लिहिलं होतं: 'आपले फोन नंबर परक्यांना दिसत होते, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे.' खाली सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसत होते.

शिवलीलानं लगेच बसलिंगप्पांना फोन लावला, पण तो लागेना. स्थळांचे नंबर एका जागी मिळायची इतकी सोय करून दिल्याबद्दल त्यांचे आभार मानायला घरोघरचे फोन चालू होते.