सेमीअण्णांची पसंती

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या आधीच पदरात घ्या. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि पुढची चाळीस वर्षं मी दुधाचं कार्ड आणि वाणसामानाची यादी, एवढंच लिहिलं. अक्षरही गच्चीत घातलेल्या सांडग्यांसारखं आहे. एक मोठं, एक बारीक, एक भलतीकडेच पडलेलं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण वही घरात राहिली की कधीतरी कुणीतरी वाचतंच.

लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या दिरांविषयी. रोज सकाळी सात वाजता ते गच्चीवर जायचे. आधी मूठभर ज्वारी टाकायचे, कबुतरं जमू द्यायचे, आणि मग पडद्याचा जुना पितळी गज खांद्याला लावून उभे राहायचे. कबुतर उडालं की गज त्याच्या मागनं फिरायचा, मग त्याच्या थोडा पुढं जायचा, आणि भावजी तोंडानं म्हणायचे, "ठप." लगेच दुसरं, "ठप." मग गज खाली घेऊन स्वतःशीच, "पयला चुकला. दुसरा शेपटाला." तोवर ते कबुतर शेजारच्या कदमांच्या पाण्याच्या टाकीवर बसून पिसं साफ करत असायचं.

राजारामपुरीत आमच्या गल्लीत त्यांना सेमीअण्णा म्हणतात. त्यांना सेमी-ऑटोमॅटिक बंदूक घ्यायची होती आणि ती ते अकरा वर्षं पसंत करत होते. तेवढ्या वेळात गल्लीत सहा लग्नं जमली, त्यातली दोन मोडली आणि एक परत जमलं. भावजींची बंदूक मात्र काही ठरत नव्हती.

त्यांची नोकरीच तशी होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात ते माल तपासायला होते. आलेला सुटा भाग मापायचा, बरोबर असेल तर या पेटीत, नसेल तर त्या. तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर मापायला भाग उरले नाहीत, म्हणून त्यांनी घर मापायला घेतलं. मिक्सर आणला तर म्हणायचे, "आत्ताच नाचू नका. भरवसा तिसऱ्या बाराला कळतोय." सेमी-ऑटोमॅटिकचे दोन बार कुठलीही बंदूक नीट उडवते, तिसऱ्याला अडकली की तिची खरी जात कळते, असं त्यांचं म्हणणं. मग दूधवाला, नवा जावई, आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची स्कूटर, सगळ्यांना तोच नियम. लग्नासाठी स्वतः ते दोन मुली बघून आले होते म्हणे. तिसरी बघायला गेलेच नाहीत.

दर गुरुवारी ते बंदुकीच्या दुकानात जायचे. दुकानाचे काका चहा मागवायचे, भावजी बंदूक खांद्याला लावून बघायचे, नळीतून उजेड बघायचे, आणि नको म्हणून घरी यायचे. आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मला समजावून सांगायचे. मी धाकटी भावजय, त्यांच्यासमोर फारसं बोलत नव्हते. कदाचित म्हणूनच मला सांगायचे. मी भाकरी थापत ऐकायची.

"बघ शालन. एक बार उडाला की रिकामं टोपण ती आपली आपण भाईर टाकती आणि नवं काडतूस आत वढती. घोडा मात्र दर टायमाला आपणच वढायचा. अर्धं ती करती, अर्धं आपण. म्हणून सेमी."

आत जेवत बसलेले मालक म्हणायचे, "आमच्या घरात बी तसंच हाय. अर्धं ही करती, आणि ऱ्हायलेलं अर्धं बी."

भावजी तिकडं लक्ष द्यायचे नाहीत. त्यांची अडचण खरी होती. नेमबाजीच्या खेळात हवेत फेकतात त्या मातीच्या ताटल्या फोडायला हलकं काडतूस लागतं आणि रानडुकराला जड. हलक्या काडतुसाचा धक्का कमी, त्यावर काही बंदुका चालतच नाहीत, टोपण निम्मं आत निम्मं बाहेर अडकून बसतं. ताटलीला लांब नळी बरी, रानात आखूड. भावजींना दोन्हीला मिळून एकच बंदूक पाहिजे होती. "वरणभात बी पचला पायजे आणि तांबडा रस्सा बी," ते म्हणायचे.

"आण्णा, शिकार बंद हून पन्नास वर्सं झाली की," मालक म्हणायचे.

"कायदा उद्या बदलला म्हंजे? मग लांब नळी घिऊन झुडपात काय झाडू मारू व्हय?"

ज्या माणसानं घरातल्या उंदराला पिंजऱ्यातून नेऊन टाउन हॉलच्या बागेत सोडलं, तो डुकराला मारणार कसा, हे कुणी विचारलं नाही.

गजाच्या जोडीला खरी ताटली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या ताटलीला इंग्रजीत क्ले म्हणतात आणि क्ले म्हणजे माती, एवढं त्यांनी ऐकलं होतं. ते सरळ कुंभाराकडे गेले. कुंभारानं विचारलं, "पणत्या देऊ का झाकण्या?" भावजी म्हणाले, "झाकणीच, पण उडणारी." त्यानं साठ झाकण्या करून दिल्या आणि गिऱ्हाईक शिकलेलं दिसतंय म्हणून चांगल्या खरपूस भाजल्या. पुढं काकांनी सांगितलं की त्या ताटल्या नुसत्या मातीच्या नसतात, डांबराच्या मिश्रणाच्या ठिसूळ असतात. आमच्या झाकण्या घोड्याच्या पायाखालीही फुटल्या नसत्या.

त्या फेकायला माणूस पाहिजे होता. मालकांना त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. म्हणून एका रविवारी भावजी मला कोडोलीच्या आमच्या रानात घेऊन गेले. गज खांद्याला लावला, पाय रोवले आणि मोठ्यानं म्हणाले, "पूल."

मी मागं वळून ओढ्यावरच्या पुलाकडे बघितलं.

"पूल," ते परत म्हणाले. मला वाटलं पुलावरून कुणी येतंय. मी डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिले. तिसऱ्यांदा ओरडल्यावर मी झाकणी खाली ठेवली आणि पुलापर्यंत चालत जाऊन आले. "कुणी न्हाई, भावजी," मी सांगितलं. तेव्हा त्यांना कळलं. ताटली सोड म्हणायला नेमबाज इंग्रजीत तसं म्हणतात. भावजी इतके हसले की गज टेकून खाली बसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग मी फेकल्या. माहेरी मी जोंधळ्याची राखण केली होती, गोफण चालवली होती. हात बसलेला होता. पन्नास झाकण्या उंच, सरळ, एकसारख्या गेल्या. भावजी गजानं नेम धरायचे, ठप म्हणायचे आणि लगेच निकाल द्यायचे. "लागली." "चुकली, मागं ऱ्हायलो." "ही बी चुकली." ऐकायला तिथं मी एकटी होते आणि हातात पडद्याचा गज होता, तरी ते चुकलेला बार लागला म्हणाले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, पन्नासात एकोणीस.

परत येताना एस.टी.त ते म्हणाले, "तुझा हात भरवशाचा हाय, शालन." मला तोवर कुणी असं काही म्हटलं नव्हतं. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बहुतेक रविवारी जात होतो.

आणि मग बंदूक पसंत पडली. एका जुन्या घरातल्या वारसांनी त्यांच्या वडिलांची परदेशी सेमी-ऑटोमॅटिक विकायला काढली होती. नळी अठ्ठावीस इंची, ना लांब ना आखूड. काकांनी ती हलक्या आणि जड, दोन्ही काडतुसांवर चालवून बघितलेली होती. भावजी त्या गुरुवारी घरी आले ते पाटावर बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "घावली." साठ हजार आगाऊ दिले. शेताची राखण आणि नेमबाजी अशी कारणं घालून परवान्याचा अर्ज केला. डॉक्टरचा दाखला आणला. राहिली होती पोलीस चौकशी.

पोलीस आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. भावजी कोडोलीला, मालक दुकानात. दारात दोघं. मी पदर घट्ट धरून उभी राहिले.

"वैनी, घाबरू नका. निस्ती चौकशी हाय. माणूस कसा हाय?"

"चांगले हाईत."

"दारू?"

"न्हाई."

"भांडणतंटा?"

"न्हाई."

"मग दिवसभर करतात काय?"

इथं मी नुसतं 'काही नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं. पण विचारलं ते सांगायचं, एवढंच मला ठाऊक. मी सांगितलं, "सकाळी गच्चीवर नेम धरतात."

"कशावर?"

"कबुतरांवर. कदमांच्या टाकीवर. रिक्षा गेली तर रिक्षावर."

त्यांचं पेन थांबलं. "माणसांवर?"

"माणसांवर न्हाई," मी म्हटलं, आणि मग आठवलं म्हणून सांगितलं, "एकदा आमच्या मालकांच्यावर धरलेला. पण ते स्कूटरवरनं पुढं निघून गेले, म्हणून बार सोडला न्हाई."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गज पडद्याचा असतो, हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. सगळं बरोबर होतं. मी खाली सही केली. त्यांना पाणी दिलं.

दोन महिन्यांनी कागद आला. अर्जदाराच्या वर्तणुकीबाबत अहवाल अनुकूल नसल्यानं परवाना नामंजूर. भावजींनी तो दारातच वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि वर निघून गेले.

मालक मात्र पेटले. "कुणीतरी चुगली केलीया. हे कदमाचंच काम. त्याच्या टाकीवर नेम जायचा न्हवं." कदमांशी बोलणं बंद झालं. त्यांच्या घरातली गणपतीची खिरापत आम्ही परत पाठवली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. रोज ठरवायची, आज सांगू. मालक जेवायला बसले की वाटायचं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं की वाटायचं, उद्या.

महिन्याभरानं एक दिवस भावजी खाली आले आणि मालकांना म्हणाले, "कदमाला बोल लावू नको. कुणी चुगली केली न्हाई. त्या बंदुकीतच खोट निघाली. मीच अर्ज सोडून दिला."

"आणि तो कागद?"

"कागदाचं काय घिऊन बसलास? मलाच नको झाली ती."

मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. आता हे लिहिताना त्याचीच लाज वाटते. वाटलं, सुटले. बंदुकीतच खोट होती तर माझ्या बोलण्यानं काय झालं? कदमांकडे पुढच्या सणाला पुरणपोळ्या गेल्या. भावजी मात्र त्यानंतर गच्चीवर गेले नाहीत. कबुतरं सातला येऊन बसायची आणि साडेसातला उडून जायची. रविवारी मीही विचारलं नाही, तेही म्हणाले नाहीत.

आगाऊ दिलेले पैसे काकांनी त्या वारसांकडे पोचवले होते आणि तिकडून ते सहज सुटेनात. कधी दहा हजार, कधी पाच, असे काका आणून द्यायचे. सहा वर्षं गेली. भावजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. परवा मंगळवारी काका शेवटचे दहा हजार घेऊन आले. जिना चढवत नाही म्हणाले, म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं आणि दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. मी चहा दिला.

"लई चांगली बंदूक हुती, वैनी," ते म्हणाले. "तशी परत न्हाई आली माझ्याकडं."

"पण तिच्यात खोट निघालेली न्हवं?"

काकांनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं? नवी कोरी वाटावी अशी हुती. मी किती मागं लागलो, अपील करा, पुण्याला साहेबापुढं उभं ऱ्हायचं, गज दाखवायचा, साहेब हसून सोडून देतील. चौकशीच्या कागदाची नक्कल बी काढली आम्ही. त्यांनी ती वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. म्हणले, अपील केलं तर आमच्या घरातल्या बाईला पुण्याला बोलवतील. चार माणसांत तिचा शब्द फुटत न्हाई. आणि ती खरंच बोलली हाय, तिला खोटं पाडून मला बंदूक नको."

काका चहा पिऊन गेले. मी कपबशी विसळून ठेवली. कोडोलीच्या रानात चुकलेला बार कधी लागला म्हणाला नाही, असा तो माणूस. माझ्यासाठी त्यानं एका चांगल्या बंदुकीत नसलेली खोट काढली आणि सहा वर्षं त्यावरच ठाम राहिला.

मग मी वर गेले. भावजी खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. मी पाकीट पुढं केलं.

"काकांनी दिलं. शेवटचं."

"मोजलंस?"

"दोनदा." आणि मग मी एका दमात म्हणाले, कारण थांबले असते तर खालीच गेले असते, "भावजी, पोलिसांस्नी ते मीच सांगितलेलं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वर बघितलं नाही.

"त्यात काय खोटं हुतं का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

"पण कदमांचं नाव घेतलं हितं सगळ्यांनी. मी गप ऱ्हायले."

"तुझ्या मालकाला सांग आज. मी हाय हितं." एवढं म्हणून त्यांनी नोटा बाहेर काढल्या आणि मोजायला लागले. पाचशेच्या वीस. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, एक नोट बोटाला चिकटली, मधेच आकडा चुकला. त्यांनी सगळ्या पुन्हा एकत्र केल्या आणि एकपासून सुरुवात केली. मी तिथंच उंबऱ्याशी उभी राहिले.

"पूर्ण हाईत," ते म्हणाले. "काकाला फोन करून तसं कळीव. म्हातारा काळजीत असंल."