मॅलकीची नजर आणि पॅकीचा काटा

मॅलकी गेराटीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एवढंच ठरवलं, की जनावरांना जंताचं औषध देण्यापूर्वी त्यांची वजनं करायची काही गरज नाही. ठरवलं तेव्हा तो चहात बिस्कीट बुडवत होता आणि अगदी निर्धास्त होता.

बारा जनावरं नोव्हेंबरपासून गोठ्यात होती. कुरणात गवत घोट्याच्या वर आलं होतं, रॉसकॉमन परगण्याचा पाऊस दोन दिवस रजेवर होता, आणि औषध देऊन जनावरं एकदा बाहेर सोडली की मॅलकी सुटला. अडचण अट्रॅक्टाची होती. (बायकोला अडचण म्हणू नये हे मॅलकीला मान्य होतं. तो मोठ्याने म्हणतही नसे.)

"डर्वलाने सांगितलंय, औषध वजनावर द्यायचं," अट्रॅक्टा म्हणाली. डर्वला म्हणजे त्यांची गुरांची डॉक्टर. "शेजारच्या पॅकीकडे जनावरं तोलायचा काटा आहे. फोन कर."

"पॅकीकडे?"

"नाहीतर कोणाकडे? गावात एकच काटा आहे."

आता मॅलकीने पॅकी टॅन्सीकडे काटा मागायचा, म्हणजे पट्टीच्या गवयाने शेजाऱ्याकडे सूर मागण्यासारखंच होतं. ऑगस्टमधल्या गावजत्रेत 'बैलाचं वजन ओळखा' ही स्पर्धा मॅलकीने सलग नऊ वर्षं जिंकली होती, आणि तीही जवळपास वगैरे नाही, किलोला किलो. सगळा गाव त्याच्या नजरेला मान देत होता. रस्त्यात बाबागाडीतलं पोरसुद्धा त्याला दाखवून लोक विचारत, "मॅलकी, किती असेल रे?"

"अगं, काटा घरात असून तो पॅकी दरवर्षी शंभर-शंभर किलोने चुकतो," मॅलकी म्हणाला. "काट्याची लायकी त्यातच कळली."

 अट्रॅक्टाने नुसता ओटा पुसला, आधी पुसलेला होता तरी. मग म्हणाली, "माझी तांबडी यंदा खोकायला नको, एवढंच बघ."

तांबडी कालवड तिने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. गेल्या जुलैत फुप्फुसातल्या जंतांनी तिचा नुसता सापळा करून ठेवला होता. मान लांब करून, जीभ बाहेर काढून ती खोकायची, आणि अट्रॅक्टा कुंपणाशी पावसात उभी राहून तिच्याशी बोलत बसायची. मरता मरता वाचली. त्या वर्षीचं औषधही मॅलकीनेच दिलं होतं, नजरेच्या हिशेबाने. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

अट्रॅक्टा गावात गेली तशी त्याने संधी साधली. एकेक जनावर लोखंडी कठड्यांच्या अरुंद वाटेत घ्यायचं, डोळे बारीक करायचे, "तीनशे दहा" असं पुटपुटायचं आणि त्या मापाने पाठीवर, कातडीतून अंगात मुरणारं निळं औषध ओतायचं. (डोळे बारीक करण्याचं कारण कोणालाच माहीत नव्हतं, पण जत्रेत ते फार उठून दिसे.) एका गोऱ्ह्याने शेपटी फिरवून त्याच्या कानाला निळा रंग दिला. बाकी काम झकास झालं.

अट्रॅक्टा परतली तेव्हा तिने आधी कान पाहिला आणि मग औषधाचा डबा.

"हे एवढं उरलं कसं?"

"हात सांभाळून वापरलं."

"डर्वलाने बारा जनावरांना मोजून दिलं होतं. थेंब उरायला नको होता."

तिने तिथेच उभ्याने डर्वलाला फोन लावला आणि मॅलकीच्या हातात दिला. डर्वला वयाने लहान होती, पण औषधाच्या बाबतीत शाळामास्तरीण. "मॅलकीकाका, अर्धवट औषध दिलं की लेचेपेचे जंत मरतात आणि दांडगे तेवढे उरतात. त्यांना आपण शिकवून तयार करतो. आता वरून आणखी ओतू नका. पंधरा दिवसांनी शेण तपासू, मग नीट वजनावर देऊ. तोवर एकही जनावर बाहेर सोडायचं नाही. आणि आज वजनं करा."

अट्रॅक्टाच्या फोननंतर अर्ध्या तासात पॅकी ट्रॅक्टरला काटा बांधून हजर झाला. मॅलकीला काटा फार नवा वाटला, आणि पॅकी फार आनंदी.

पहिला गोऱ्हा चढला. "तीनशे दहा," मॅलकी म्हणाला. काट्याने चारशे सहा दाखवलं.

"काटा बिघडलाय."

अट्रॅक्टाने खुराकाची पंचवीस किलोची चार पोती एकेक करून काट्यावर टाकली. बरोबर शंभर. मॅलकीने पोत्यांकडेही संशयाने पाहिलं.

दुसऱ्याचा अंदाजही शहाण्णव किलोनेच चुकला, तिसऱ्याचा एकशे चारने. मग तांबडी आली. मॅलकीने आकडा सांगितलाच नाही. काट्यावर तीनशे नव्वद आले, आणि त्याने तिला औषध दिलं होतं तीनशेचं. गेल्या वर्षीही असंच दिलं असणार. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. तिने विश्वासाने त्याची बाही चाटली, त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं.

"अट्रॅक्टा, हिचं दुखणं मीच आणलं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "पण मीही तुला नजर आहे म्हणून फुगवलं."

"फुगवलं म्हणजे? नऊ वर्षं माझा आकडा किलोने चुकला नाही. ते काय खोटं?"

पॅकी अचानक ट्रॅक्टरच्या चाकाकडे फार लक्षपूर्वक बघू लागला.

"जत्रा कमिटीची सेक्रेटरी मी," अट्रॅक्टा म्हणाली. "पहिल्या वर्षी तू पाय मोडून सहा महिने घरात पडला होतास. दिवसाला चार शब्द बोलायचास. मी तुला जेवताना सहज विचारलं, यंदाच्या बैलाचं वजन किती असेल रे. तू म्हणालास तेच मी बैलाचं खरं वजन म्हणून निकालाच्या पाकिटात घालून बंद केलं."

"आणि पुढची आठ वर्षं?"

"तू परत शीळ घालायला लागलास. मग बंद करवेना."

मॅलकी पोत्यावर बसला. 

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"तसं सगळ्यांनाच," पॅकी म्हणाला. "चुकून कोणी तुझाच आकडा लिहू नये, म्हणून अट्रॅक्टा तो आम्हाला आधीच कळवते."

मॅलकीने शेवटची काडी धरली. "पण पॅकी, तू तर शंभर किलोने चुकायचास."

"छे रे," पॅकी म्हणाला. "बैल माझाच असायचा ना. वजन करूनच लिहायचो."